ट्रम्पेट वाजवताना हवा नक्की कुठे मारायची?

पत्र एका कॉलेजच्या मुलाचं आहे, थोडं छोटं करून देते. नवख्यांसाठी एवढंच, माऊथपीस म्हणजे ट्रम्पेटचा ओठ टेकवायचा तुकडा, रिम म्हणजे त्याची गोल कड, स्टाफ म्हणजे सूर लिहायच्या पाच रेषा, आणि ए, बी, जी वगैरे सुरांची नावं.

"ताई, मी सेकंड इयरला आहे, ट्रम्पेट वाजवायला लागून तीन वर्षं झाली, त्यातली पहिली दोन वर्षं जवळपास स्वतःच शिकलो. माझा माऊथपीस पहिल्यापासून खाली बसतो, म्हणजे रिमच्या आत खालचा ओठ जास्त आणि वरचा कमी. तसं वाजवताना स्टाफच्या वरचा ए आरामात निघायचा, कधीकधी बी पण. मग बँडमधे आलो, तिथले सर म्हणाले हे चुकीचंय, दोन भाग वरचा ओठ आणि एक भाग खालचा पाहिजे, आणि हवा सरळ माऊथपीसच्या भोकात गेली पाहिजे. पाच महिने तेच करतोय, आत्ता माऊथपीस साधारण अर्ध्यावर आलाय. खालचे नोट्स छान येतात, पण वर जाताना जी च्या आसपास आवाज फाटतो, कधी दोन आवाज एकदम निघतात, आणि अर्ध्या तासात ओठ संपतो. आरशासमोर तळहातावर फुंकून बघतो तर हवा कधी खाली लागते कधी समोर. एका व्हिडिओत सांगतात जबडा पुढे काढ, दुसऱ्यात सांगतात वर जाताना हवा खाली मार. हवा नक्की कुठे मारायची? माझी जुनी पोझिशन खरंच चुकीची होती का? आणि माऊथपीस बदलू का, सध्या ७सी मापाचा आहे."

अरे, तुझं पत्र वाचून पहिली गोष्ट मनात आली ती ही की तू पाच महिने प्रामाणिकपणे मेहनत केलीयेस आणि ती मेहनत चुकीच्या दरवाजावर गेलीये, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुझ्या तीन प्रश्नांपैकी पहिल्याचं उत्तर कळलं की बाकीचे दोन जवळपास आपोआप सुटतात.

हवा कुठे मारायची हे तू ठरवतच नाहीस. हवा कुठे जाणार हे रिमच्या आत कुठला ओठ जास्त आहे त्यावर ठरतं, आणि कुठला ओठ जास्त असावा हे तुझे दात, जबडा, ओठांची जाडी आणि त्यांचा आकार ठरवतात.

म्हणजे बघ, ट्रम्पेटच्या माऊथपीसचा आतला व्यास साधारण १६ ते १७ मिलिमीटर असतो, एवढ्याशा गोलात दोन ओठ बसवायचे आणि त्यांनी हलायचं. तू स्टाफच्या तिसऱ्या जागेतला सी वाजवतोस तेव्हा बी फ्लॅट ट्रम्पेटवर ओठ सेकंदाला साधारण ४६६ वेळा उघडझाप करतात, त्याच्या वरच्या हाय सी ला ९३२ वेळा. या उघडझापीत दोन्ही ओठ सारखं काम करत नाहीत, एक ओठ मुख्य असतो, तो दुसऱ्यावर किंचित येतो आणि त्याच्या कडेवरून हवा वळून बाहेर पडते. वरचा ओठ जास्त असेल तर तो खालच्यावर येतो आणि हवा खाली, हनुवटीच्या दिशेने जाते. खालचा जास्त असेल तर हवा वर, नाकाच्या दिशेने जाते. पहिल्या प्रकाराला डाउनस्ट्रीम म्हणतात, दुसऱ्याला अपस्ट्रीम. डाउनस्ट्रीमवाले बरेच जास्त असतात, अपस्ट्रीमवाले कमी, पण असतात, आणि उत्तम वाजवणारे असतात.

शक्य झालं तर एकदा पारदर्शक माऊथपीस मिळव, प्लॅस्टिकचे मिळतात, आणि कोणालातरी बाजूने मोबाईलवर स्लो मोशनमधे शूट करायला सांग, लाइट चांगला घेऊन. तू एक लांब जी धर, दुसऱ्या रेषेवरचा, आणि नुसतं बघ. काही सेकंदांत कपच्या, म्हणजे माऊथपीसच्या वाटीच्या, आतल्या भिंतीवर ओलावा धरायला लागतो आणि डाउनस्ट्रीम माणसाच्या बाबतीत तो खालच्या भिंतीवर जास्त धरतो, वरचा ओठ छपरासारखा पुढे आलेला दिसतो, खालचा त्याच्या आत थोडा दबलेला. अपस्ट्रीम माणसात हे सगळं उलटं. आणि तसाच वर स्लर केलास, म्हणजे मधे न तोडता एका सुरावरून दुसऱ्यावर गेलास, तर दिसेल की मधलं छिद्र लहान होत जातं. मला हे बघायला आजही आवडतं, कारण चेहऱ्याकडे बाहेरून बघून यातलं काहीच कळत नाही, आत मात्र सगळा कारभार उघड दिसतो.

आता 'सरळ भोकात' चं बोलू. हे अगदी मोठमोठ्या लोकांनी शिकवलंय त्यामुळे तुझ्या सरांना दोष देऊ नकोस. फिलिप फार्कस म्हणून शिकागो सिम्फनीचे मुख्य (फ्रेंच) हॉर्नवादक होते, त्यांनी १९६२ च्या पुस्तकात ब्रास, म्हणजे ट्रम्पेट, हॉर्न, ट्रॉम्बोनसारखी पितळी वाद्यं, वाजवणाऱ्या सगळ्यांसाठी असं मांडलं होतं की जबडा पुढे आणून वरचे खालचे दात एका रेषेत ठेवावेत म्हणजे हवा सरळ माऊथपीसमधे जाईल. तर्क ऐकायला एकदम पटणारा आहे. पण नंतर त्याच माणसाने ४० नामांकित हॉर्नवादकांच्या एम्बोशरचे, म्हणजे वाजवतानाच्या ओठांच्या ठेवणीचे, फोटो काढून तपासले, ते १९७० मधे छापले, आणि त्यात जवळपास सगळ्यांची हवा कमीजास्त प्रमाणात खाली जाताना दिसली. त्यांनी आपलं आधीचं मत स्वतःच दुरुस्त केलं, आणि मला याबद्दल त्यांचा फार आदर वाटतो, कारण स्वतःच्या गाजलेल्या पुस्तकातली गोष्ट पुराव्यापुढे बाजूला ठेवणं सोपं नसतं. त्याच सुमारास लॉइड लेनो यांनी ट्रॉम्बोनवाल्यांचे ओठ पारदर्शक माऊथपीसमधून हाय स्पीड फिल्मवर घेतले, त्यात दोन्ही प्रकार स्वच्छ दिसले, कोणाची हवा खाली तर कोणाची वर. आणि फिलाडेल्फियाचे डोनाल्ड राइनहार्ट तर त्याच्याही आधीपासून विद्यार्थ्यांचे प्रकार पाडून प्रत्येकाला त्याच्या त्याच्या प्रकाराप्रमाणे शिकवत होते. तरी 'सरळ हवा' अजून शिकवली जाते, कारण वाक्य छोटं आहे आणि चुकीचं वाटत नाही.

आणि हवा तिरकी गेली तर आवाज बिघडेल ही भीती पण काढून टाक. हवा कपात शिरते, भिंतीला लागते, घोळते आणि मग भोकातून पुढे जाते, तिला नेम धरून भोकात घालावं लागत नाही. ट्रम्पेटचा आवाज म्हणजे नळीतल्या हवेच्या स्तंभाचं कंपन, तुझी फुंक ओठ हलते ठेवायला लागते, ती बेलमधून, म्हणजे ट्रम्पेटच्या पुढच्या रुंद तोंडातून, बाहेर 'ढकलल्याने' आवाज होत नाही.

आता व्हिडिओतल्या त्या 'वर जाताना हवा खाली मार' बद्दल. हे अर्धं खरंय. डाउनस्ट्रीम माणसाची हवा वरच्या नोट्सना अजून खाली वळते आणि खालच्या नोट्सना सरळपणाकडे येते. अपस्ट्रीम माणसाची हवा वरच्या नोट्सना अजून वर वळते. म्हणजे ज्याने तो व्हिडिओ केला तो त्याच्या स्वतःच्या तोंडाबद्दल बरोबर बोलतोय, पण तो तुझ्या तोंडाबद्दल बोलत नाहीये. ब्रास शिकवण्यातला हा सगळ्यात जुना घोळ आहे, चांगला वाजवणारा माणूस आपल्याला जे जाणवतं ते नियम म्हणून सांगतो आणि ऐकणारा वेगळ्या बांध्याचा असला की त्याचं वाटोळं होतं.

ओठांच्या वाटणीचंही हेच झालंय. कॉर्नेट (ट्रम्पेटचं जवळचं भावंड) आणि ट्रम्पेटवाले ज्याला बायबल म्हणतात त्या कॉर्नेटवादक आर्बनच्या १८६४ च्या शिकवणीच्या पुस्तकात दोन भाग खालचा ओठ आणि एक भाग वरचा असं दिलंय, म्हणजे तू पहिल्यापासून करत होतास ते! आणि तिथेच पुढे त्याने लिहिलंय की हॉर्नवाले बरोबर याच्या उलट ठेवतात. त्यानेही ही आपल्याला स्वतःला जमलेली आणि सगळ्यात चांगली वाटणारी जागा म्हणून सांगितलीये. नंतरच्या बऱ्याच शिक्षकांनी उलटं शिकवलं आणि तेही आपल्या जागी बरोबर होते, कारण त्यांच्यासमोर बसलेले बहुतेक विद्यार्थी डाउनस्ट्रीमच असणार. त्यामुळे कोणी आकडा सांगितला की हे लक्षात ठेव की तो आकडा कोणाच्यातरी तोंडावरून आलाय.

तुझ्या पत्रातल्या लक्षणांकडे येते. जी च्या आसपास फाटणं, दोन आवाज एकदम निघणं, खाली छान आणि वर काहीच नाही, हे मला वाचल्या वाचल्या ओळखीचं वाटलं. माऊथपीस अर्ध्या अर्ध्यावर आला की कुठलाच ओठ ठामपणे मुख्य राहत नाही. खालच्या नोट्समधे हे चालून जातं, तिथे ओठ सैल असतात, छिद्र मोठं असतं, निभावतं. वर जाताना मात्र ओठांना एक बाजू धरावी लागते, आणि तुझे ओठ अधल्यामधल्या ठिकाणी बाजू बदलत असणार, खाली एका दिशेने हवा आणि वर दुसऱ्या दिशेने. ती बदलाबदली ज्या नोटवर होते तिथेच आवाज फाटतो. मग तू तो नोट पकडायला हाताने दाबत असशील, दाबलं की ओठातलं रक्त कमी पोचतं, ओठ बधिर होतो आणि अर्ध्या तासात संपतो. म्हणजे तुझा स्टॅमिना कमी झालेला नाही, तो दाबण्यात खर्च होतोय. हे सगळं पत्रावरून सांगतेय, प्रत्यक्ष बघितलं तर अजून नक्की कळेल, पण त्या पारदर्शक माऊथपीसमधे तुलाच ते दिसेल, जी ओलांडताना हवेची बाजू पलटते का ते बघ.

तर तुझी जुनी पोझिशन चुकीची होती का? मला नाही वाटत. जो माणूस कोणी न शिकवता खाली ठेवतो आणि त्या जागेवरून स्टाफच्या वरचा ए आरामात काढतो, बी ला हात लावतो, त्याच्या तोंडाने बहुतेक आपला प्रकार स्वतःच शोधलेला असतो. डावखुऱ्या मुलाला उजव्या हाताने लिहायला लावण्यातला प्रकार आहे हा. वरची जागा जर तुझ्या तोंडाला मानवणारी असती तर पाच महिन्यांत टोन भरला असता, वरचे नोट्स थोडेतरी सुटे झाले असते, निदान उलट्या दिशेने गेले नसते.

तरी माझ्या शब्दावर जाऊ नकोस, तपासून बघ. वॉर्मअप झाल्यावर, ओठ ताजे असताना, मधला जी धर आणि तिथून सी, ई, जी असा स्लर करत वर जा, जीभ न लावता, आणि आवाज मोठा करायचा नाही, मध्यम. आधी जुन्या जागेवरून कर, मग माऊथपीस काढून, ओठ पुसून, एक दोन मिनिटं थांबून, सरांनी सांगितलेल्या जागेवरून कर, पण पूर्ण वर ने, अर्ध्यावर नाही, कारण अर्ध्यावरची जागा दोन्हीकडची नाही. रेकॉर्ड कर आणि नंतर ऐक, वाजवताना स्वतःचं खरं ऐकू येत नाही. बघायचं काय, तर सगळ्यात वरचा नोट कुठला निघाला हे नाही, खालून वर जाताना आवाजाचा रंग कुठल्या जागेवर एकसारखा राहतो आणि कुठे हाताने दाबावं लागत नाही हे बघायचंय. पहिल्या दिवशी सवयीची जागा जिंकते, आणि तुझी आत्ताची सवय अधलीमधली आहे, त्यामुळे हे थोडे दिवस रोज करून मगच ठरव. मधे मधे जागा बदलत पूर्ण प्रॅक्टिस मात्र करू नकोस, ही तपासणी दहा मिनिटांची, बाकीचा रियाज एकाच जागेवर, आणि ती जागा मी तरी सध्या जुनीच धरीन.

तळहातावर फुंकून बघणं बंद कर. रिम नसताना ओठ वेगळे बसतात, वेगळे हलतात, त्यावरून माऊथपीसच्या आत काय चाललंय ते कळत नाही, उगाच डोक्याला ताप. नुसत्या ओठांनी बझ करण्याचंही, म्हणजे माऊथपीसशिवाय ओठ फुरफुरवण्याचंही, तसंच, ओठांच्या कोपऱ्यांना ताकद यायला ते चांगलंय, पण अपस्ट्रीम माणसाला माऊथपीसशिवाय त्याच्या पद्धतीने बझ करणं बरेचदा जमतच नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

जुन्या जागेवर परतलास की दोन तीन गोष्टींवर मात्र लक्ष दे, कारण जागा बरोबर असली तरी बाकीचं चुकू शकतं. कोपरे घट्ट ठेव, ओठांचे कोपरे दातांवर जागच्या जागी, हसल्यासारखे बाहेर ओढायचे नाहीत, ओढले की ओठ पातळ होतो आणि आवाजही पातळ होतो. हनुवटी सपाट, तिथे खड्डे पडून ती गोळा होत असेल तर खालचा ओठ वर ढकलला जातोय असं समज, आणि खालचा ओठ मुख्य असलेल्या माणसासाठी ते फारच महागात पडतं. माऊथपीस ठेवल्यावर श्वास घेताना ओठ पूर्ण मोकळे करून परत बसवायची सवय असेल तर ती सोड, कोपऱ्यांतून श्वास घे आणि रिमच्या आतला भाग शक्यतो जसाच्या तसा ठेव, कारण दर वेळी नव्याने बसवलं की दर वेळी जागा थोडी सरकते आणि तुझ्यासारख्या नुकताच गोंधळ झालेल्या माणसाला तेच नकोय.

जिभेचं थोडक्यात. वर जाताना 'आ' कडून 'ई' कडे जायला सांगतात ते बरोबर आहे, हॉर्नवादकांचे वाजवताना एमआरआय घेतलेत त्यात वरच्या नोट्सना जीभ खरंच वर उचललेली दिसते, त्याने हवेला जोर मिळतो. ते तोंडाच्या आतलं काम आहे, ओठांतून हवा कुठल्या बाजूला पडते त्याच्याशी त्याची गल्लत करू नकोस.

जबडा पुढे काढण्याबद्दल सांगायचं तर, मुद्दाम काढू नकोस. तुझे वरचे दात पुढे आणि जबडा मागे असेल तर तो जिथे सैल राहतो तिथे राहू दे, आणि ट्रम्पेट त्याप्रमाणे खाली झुकलं तर झुकू दे. ट्रम्पेट वर आहे की खाली यावरून आतली हवा वर की खाली हे ठरत नाही, दातांच्या ठेवणीवरून ट्रम्पेटचा कोन ठरतो. जाझ ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीच्या ट्रम्पेटची बेल आकाशाकडे होती ती १९५३ मधे अपघाताने वाकली म्हणून, त्याला तो आवाज आवडला आणि पुढे त्याने तसंच बनवून घेतलं, ओठांपाशी मात्र माऊथपीस जसा सगळ्यांचा असतो तसाच होता. त्याचे फुगलेले गाल पण कॉपी करू नकोस, ते त्याचं त्याला जमलं.

एक बारीक गोष्ट अजून, जी फार कमी लोक सांगतात. वर खाली जाताना माऊथपीस आणि ओठ मिळून दातांवर किंचित सरकतात, वर किंवा खाली, राइनहार्ट यालाच पिव्हट म्हणायचे. खाली बसणाऱ्या माऊथपीसच्या लोकांत बहुतेकदा वरच्या नोट्सना हे सगळं किंचित खाली ओढलं जातं आणि खालच्या नोट्सना वर नाकाकडे जातं. रिम ओठांवरून घसरायचा नाही हं, ओठ आणि रिम एकत्र सरकायचे. तू मधला सी धर आणि हातानेच अगदी थोडं खाली ओढून वरच्या ई ला स्लर कर, मग वर ढकलून कर, ज्या दिशेने ई चटकन सापडेल आणि भरीव वाजेल ती तुझी दिशा. ही हालचाल डोळ्याला जेमतेम दिसेल एवढीच असते, मोठी करू नकोस.

प्रॅक्टिसमधे जितका वेळ वाजवशील तितकाच वेळ ओठ थांबव. वाजवून झाल्यावर रिमचा ठसा राहतो तो नॉर्मल आहे, थोड्या वेळात जातो. बधिरपणा दुसऱ्या दिवसापर्यंत टिकला, ओठात एका जागी दुखलं किंवा तिथे जोरच लागेना झाला तर वाजवणं थांबव आणि डॉक्टरला दाखव. ओठाचा स्नायू दाबाने फाटू शकतो, त्याला सॅचमो सिंड्रोम असं नाव आहे, सॅचमो हे टोपणनाव असलेल्या ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगच्या ओठाने आयुष्यभर जे सोसलं त्यावरून पडलेलं. तुझं तिथे गेलेलं नाहीये, आणि जायला नको म्हणूनच दाबून नोट काढू नकोस, नाही आला तर सोडून दे, उद्या येईल.

सरांना काय सांगायचं हा तुझा खरा अवघड भाग असणार, तू लिहिलं नाहीस पण कळतं. त्यांच्याशी वाद घालू नकोस आणि चोरूनही जुन्या जागेवर जाऊ नकोस. दोन्ही जागांवरचं तेच रेकॉर्डिंग त्यांना ऐकव, तोच स्लर, आधी कुठलं कुठलं आहे ते न सांगता, आणि त्यांनाच विचार कुठलं चांगलं वाटतं. ब्रास शिकवणाऱ्या माणसाचा कान बहुतेक वेळा त्याच्या नियमापेक्षा जास्त खरा असतो. मग सांग की सर, मला खालचा ओठ जास्त ठेवून हे जमतंय, सहा आठवडे असं वाजवू का, मग तुम्ही बघा. सहा आठवड्यांत जी वरचं फाटणं गेलं नाही तर मलाही परत लिही, मग दुसरं काहीतरी असेल, दात, रिमची जागा डाव्या उजव्या बाजूला, किंवा नुसतं श्वासाचं.

माऊथपीस ७सी च ठेव. सुरुवातीच्या बऱ्याच लोकांकडे तोच असतो आणि त्यात वाईट काही नाही. आत्ता तुझी जागा, सवय, दाब सगळंच हलतंय, त्यात माऊथपीसही बदललास तर कशामुळे सुधारलं आणि कशामुळे बिघडलं ते कळणारच नाही. जागा पक्की झाली, दोन तीन महिने जी च्या वर स्वच्छ वाजायला लागलं आणि तरी रिम ओठाला टोचतोय किंवा ओठ कपच्या तळाला लागतोय असं वाटलं, तर मग दुकानात बसून दोन तीन माऊथपीस वाजवून बघ, आणि तेव्हाही तोच जी-सी-ई-जी चा स्लर वाजव.